क्रेस्टेड गेकोची पिल्लं सांभाळताय? या चुका टाळा

क्रेस्टेड गेको म्हणजे हौसेने घरात पाळतात ती एक पाल. तिचं पिल्लू अंड्यातून बाहेर आलं की दुसऱ्याच दिवशी मला मेसेज येतो, "अजून काहीच खात नाहीये, काय करू?" अहो, ते खाणारच नाहीये. जेमतेम दीड-दोन ग्रॅमचा जीव, पोटात बलक शिल्लक असतो, पहिल्याच दिवशी कात टाकतं आणि बहुतेक वेळा तीच खाऊन टाकतं, त्यावर चार-पाच दिवस निघतात, कधी आठवडाही जातो. ओळखीतल्या एकाने तिसऱ्या दिवशी टूथपिकने तोंड उघडून पेस्ट भरवायला घेतली, पिल्लू घाबरलं आणि शेपूट टाकून मोकळं झालं. आपल्या घरातल्या पालीची शेपूट परत येते, यांची येत नाही, कधीच नाही. मी फक्त बाटलीच्या झाकणात क्रेस्टेडसाठी मिळणारी तयार खाण्याची पावडर पाण्यात केचपइतकी घट्ट कालवून ठेवते, एक दिवसाआड बदलते आणि झाकणाकडे न बघता शी शोधते. ही पिल्लं इतकं थोडं चाटतात की झाकण भरलेलंच दिसतं, पण टिश्यूवर काळी-पांढरी शी दिसली की ते खातंय, विषय संपला.

लहान मुलांच्या फळांच्या प्युरीवर वाढवू नका. कॅल्शियम मिळत नाही, हाडं मऊ पडतात, जबडा वाकडा होतो, आणि वाकडा झालेला जबडा सरळ होत नाही.

आता माझं सगळ्यात दुखरं प्रकरण, ओलावा. आम्ही न्यू जर्सीत राहतो, इथे हिवाळ्यात हीटिंग सुरू झालं की घरातली हवा पापडासारखी कोरडी होते. माझ्या दुसऱ्या वर्षीच्या पिल्लांच्या वेळी थँक्सगिव्हिंगला दोन रात्री नणंदेकडे गेलो, निघताना फवारा मारला होता, वाटलं पुरेल. परत आले तर हायग्रोमीटरवर, म्हणजे ओलावा मोजायच्या यंत्रावर, 31 टक्के. एका पिल्लाची कात अर्धवट निघालेली, मागच्या पायाच्या दोन बोटांवर कातीची कडी तशीच अडकलेली, दोऱ्याने बांधल्यासारखी. मला ती दिसलीच नाही, टॉर्च लावून बघायची तेव्हा सवय नव्हती. चार दिवसांनी बोटांची टोकं काळी पडली आणि गळून गेली. ते पिल्लू जगलं, आज मोठं आहे, पण त्या पायाने काचेवर नीट चिकटत नाही आणि ते बघताना मला अजून वाईट वाटतं.

तेव्हापासून रात्री भरपूर फवारा, सकाळी हलका, ओलावा 70-80 पर्यंत चढू द्यायचा आणि मग दिवसभरात 50 च्या आसपास उतरू द्यायचा. चोवीस तास ओलंचिंबही ठेवू नका, बुरशी येते. कात टाकल्यावर प्रत्येक बोट आणि शेपटीचं टोक टॉर्चने बघते. काही अडकलं असेल तर भोकं पाडलेल्या छोट्या डब्यात कोमट पाण्याने ओला केलेला टिश्यू घालून पिल्लाला पंधरा-वीस मिनिटं ठेवते, मग ओल्या इअरबडने हलकेच गोल फिरवत सोडवते. कोरडी कात ओढायची नाही म्हणजे नाही. बोट काळं दिसलं तर सरळ सरपटणाऱ्या प्राण्यांचा डॉक्टर गाठा, व्हिडिओ बघत बसू नका.

हीट मॅट, म्हणजे डब्याखाली ठेवायची गरम चटई, नको. हे पॅसिफिक महासागरातल्या न्यू कॅलेडोनिया बेटांवरच्या जंगलातले प्राणी, 22 ते 25 डिग्रीत खूश असतात, 28 च्या वर त्रास सुरू होतो.

पहिल्याच दिवशी मोठा शोभिवंत टँक नको, त्यात पिल्लाला खाणं सापडत नाही आणि तुम्हाला पिल्लू सापडत नाही. जाळीच्या झाकणाचा छोटा डबा, खाली टिश्यू, दोन प्लास्टिकच्या वेली, बस. नारळाचा भुसा आत्ता नको, पोटात जातो. दोन भावंडं एकत्र ठेवली तर एक दुसऱ्याची शेपूट चावतं. किडे द्यायचे तर पिल्लाच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठे नकोत, वर कॅल्शियम भुरभुरवायचं.

आणि कृपा करून पहिल्या आठवड्यात हातावर घेऊन फोटो काढू नका. मला कळतं मोह होतो, पापण्यांसारखे ते काटे, बोटाच्या पेरावर मावेल एवढं डोकं. पण ते उडी मारतं, आणि तुमच्या हातापासून फरशी त्याच्यासाठी फार खोल आहे. मी तीन महिने तरी थांबते. तोवर वजन करायचं असेल तर डबीसकट काट्यावर ठेवायचं, 0.1 ग्रॅम दाखवणारा काटा घ्या, आणि डबीचं वजन आधी झाकणावर लिहून ठेवा.