पुष्याचा तारकागुच्छ वावरातून कसा शोधायचा

कृत्तिका कोणालाही दिसतात, त्या शिकवाव्या लागत नाहीत. पुष्याचं, म्हणजे कर्क राशीतल्या या फिक्या तारकागुच्छाचं, तसं नाही, दोन उन्हाळे मी बरोबर त्याच जागेकडे बघत होतो अन् मला काही म्हणजे काही दिसलं नाही.

होळीनंतर पाच दिवस जाऊ द्या, तिथून गुढीपाडव्यापर्यंत रात्रीच्या सुरुवातीला चंद्र नसतो. नऊच्या आसपास हायमास्टपासून लांब वावरात खाट टाका आणि उताणे पडा, विदर्भातून हा गुच्छ जवळपास डोक्यावरूनच जातो, उभ्यानं पाहिलं तर मान धरते.

पुनर्वसूचे म्हणजे मिथुन राशीतले दोन ठळक तारे आणि मघा म्हणजे सिंह राशीतला ठळक तारा ओळखा. पुनर्वसूतल्या पिवळसर ताऱ्यापासून मघेकडे हात लांब करून दीड मूठ मोजा. तिथंच.

आता खरी अडचण. तिथं काहीच नाही असं वाटेल आणि तुम्ही डोळे ताणून बघाल, हेच करू नका! अंधारात बुबुळाच्या सरळ समोरचं फिकं दिसत नाही, बाजूचं दिसतं. म्हणून नजर शेजारच्या मोकळ्या आभाळावर ठेवा आणि लक्ष मात्र पुष्यावर. मला असंच दिसलं, पिंजलेल्या कापसाचा बारका पुंजका, त्याच्याकडे सरळ पाहिलं की विरघळायचा, नजर हलवली की परत यायचा.

त्याआधी डोळ्याला वीस-तीस मिनिटं पूर्ण अंधार पाहिजे. मोबाईलवर नकाशा उघडून आभाळाला लावा असं सगळे सांगतात, तो सल्ला इथं साफ चुकीचा आहे, एकदा स्क्रीन पाहिली की परत पहिल्यापासून. नकाशा घरीच पाठ करा. आमच्या शेजारच्या वावरात काका जागलीला असतात, रानडुकरं हाकलायला त्यांनी टॉर्च मारला की माझी सगळी बैठक वाया जायची, आता मी आधीच सांगून ठेवतो की खाटेकडे मारू नका.

पुंजका सापडला की मगच दुर्बीण लावा, कोपर छातीला टेकवून. साधी १०x५० (दहापट मोठं दाखवणारी, ५० मिमी भिंगाची) पुरते. मोठ्या टेलिस्कोपचा हट्ट धरू नका, हा गुच्छ पौर्णिमेचे तीन चंद्र शेजारी ठेवावेत एवढा रुंद आहे, जास्त पॉवरमध्ये त्याचा तुकडाच दिसतो. सुमारे ६०० प्रकाशवर्षं दूरचा तो धूर दुर्बिणीत फुटून तारे तारे होतात. गॅलिलिओनं १६१० मध्ये इथं चाळीसच्या वर तारे असल्याचं लिहिलं, मी खाटेवरून एकतीसपर्यंत मोजलेत.