सूटवर ओव्हरकोट आणि हॅट: गोव्यातून थंडीच्या देशात निघताना

गोव्यात ओव्हरकोट कोण घालतो, असं विचारणाऱ्याने म्हापशाच्या किंवा मडगावच्या एखाद्या सूट शिवणाऱ्या शिंप्याकडे तासभर बसून बघावं. कुणाचा मुलगा लिस्बनला निघालाय, कुणाच्या भावाचं इंग्लंडमधल्या स्विंडनला लग्न आहे, कुणाला लंडनमध्ये बँकेत नोकरी लागलीय. सूट इथे नीट मापं घेऊन, दोन ट्रायल देऊन शिवला जातो. त्यावरचा कोट आणि हॅट मात्र शेवटच्या आठवड्यात, मिळेल त्या सल्ल्यावर घेतले जातात. माझ्याकडे असले कोट दुरुस्तीला येतात आणि त्यातल्या निम्म्यांचं काही करता येत नाही, म्हणून हे लिहितोय.

सूट नेव्ही ब्लू किंवा चारकोल (गडद करडा), साध्या कापडाचा, एका रांगेच्या बटणांचा आहे असं धरून चालतो. चकचकीत कापडाचा रिसेप्शनचा सूट असेल तर त्यावर कुठलाही ओव्हरकोट शोभणार नाही. तो इथेच ठेवून जा.

आधी कुठे जाताय ते बघा. लिस्बनला जानेवारीतही दुपारी पारा पंधराच्या आसपास असतो, पण पाऊस पडतो. तिथे मध्यम वजनाचा लोकरी कोट किंवा गॅबर्डिनचा, म्हणजे घट्ट विणीच्या कापडाचा, पट्टा असलेला ट्रेंचकोट पुरतो. लंडनसाठी मीटरला ५०० ते ६०० ग्रॅम वजनाचं दाट लोकरी कापड हवं. कॅनडात त्याहून जाड लागतं. फुगीर जॅकेट सूटवर घालू नका. सूटच्या कोटाचा खालचा भाग त्याच्याखालून लोंबतो आणि हजारो रुपयांचा सूट वाया जातो.

कोटाचा प्रकार ठरवायला फार डोकं लावायची गरज नाही. चेस्टरफील्ड घ्या. इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकात चेस्टरफील्डच्या अर्लच्या नावाने ओळखला जाऊ लागलेला हा कोट कंबरेत शिवण न देता सरळ उतरतो, गुडघ्याशी संपतो आणि नोकरीच्या मुलाखतीपासून अंत्यविधीपर्यंत कुठेही चालतो. कॉलरला मखमल असली तर जास्त औपचारिक, नसली तरी बिघडत नाही. फिकट तपकिरी, आखूड कव्हर्ट कोट देखणा असतो, पण पहिलाच कोट म्हणून नको. उंट रंगाचा कोट नेव्ही सूटवर छान दिसतो. मात्र तो लांबून नजरेत भरतो आणि आपल्याला इथे नेमकं तेच टाळायचं आहे.

रंगाचा नियम सोपा आहे. नेव्ही सूटवर चारकोल कोट, चारकोल सूटवर नेव्ही कोट. काळा दोन्हींवर चालतो, पण नेव्हीवर काळा घ्यायचा तर दोन रंग वेगळे आहेत हे कळलं पाहिजे. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली गडद नेव्ही आणि काळा सारखेच दिसतात. कोट हातात घेऊन रस्त्यावर उन्हात या. दुकानदार नाराज झाला तर होऊ दे.

आता फिटिंग. बाकी सगळ्याची भरपाई होते, याची होत नाही. मलाही सुरुवातीला यातच सगळ्यात जास्त अडखळायला झालं, कारण आपल्या हवेत गिऱ्हाईक ओव्हरकोट अंगावर टिकूच देत नाही. बाहेर बत्तीस अंश, वर दमट हवा, आत सूट, त्यावर लोकर. दोन मिनिटांत "मास्तर, पुरे, घाम सुटला" म्हणून कोट काढला जातो. म्हणून लोक पातळ शर्टावरच तो घालून बघतात आणि पसंत करतात. शर्टावर बसलेला कोट सूटवर बसतोच असं नाही, आणि हे विमानातून उतरल्यावर कळून उपयोग नाही. सकाळी लवकर, एसी लावलेल्या खोलीत, तोच सूट, तोच शर्ट आणि टाय घालून उभे राहा. पंखा सुरू ठेवा, पाणी प्या, पण कोट दहा मिनिटं अंगावर राहिला पाहिजे.

"दोन साईज मोठा घ्या" या सल्ल्याने जितके कोट बिघडवले तितके उंदरांनीही नसतील. व्यवस्थित कापलेल्या ओव्हरकोटाच्या लेबलवर ४० (छातीचं इंची माप) असेल तर तो ४०च्या सूटवर घालायचा असतो. आतल्या कोटाची जागा कापतानाच धरलेली असते. वर आणखी दोन साईज चढवले की खांदा दंडावर ओघळतो, बाही खांद्याला जोडते तिथे खळगा पडतो आणि माणूस थोरल्या भावाचा कोट घालून आल्यासारखा दिसतो. हल्ली काही कंपन्या स्वेटरवर घालायचे अरुंद कोटही ओव्हरकोट म्हणून विकतात. तिथे लेबलवर जाऊ नका, टेप लावा. सूटचा खांदा मागून एका शिवणीपासून दुसऱ्या शिवणीपर्यंत मोजा. ओव्हरकोटाचा दीड ते तीन सेंटीमीटर जास्त भरला पाहिजे. त्याहून कमी असेल तर आतल्या पॅडची कड वरून उठून दिसेल.

खांदा जमला की मान. पाठीमागे कोणाला तरी उभं करा. ओव्हरकोटाच्या कॉलरने सूटची कॉलर पूर्ण झाकली पाहिजे आणि तिला चिकटून बसली पाहिजे. मध्ये फट राहिली तर थंड वारा थेट पाठीत शिरतो, आणि दिसायलाही ते वाईट. समोरून सूटचे लॅपल, म्हणजे छातीवर उलटलेल्या पट्ट्या, ओव्हरकोटाच्या लॅपलबाहेर डोकावता कामा नयेत. मग सगळी बटणं लावा. पोटावर फुलीसारख्या चुण्या आल्या तर कोट घट्ट आहे. आता हात पुढे करून गाडीचं स्टीअरिंग धरल्यासारखं करा, मग बसमधला दांडा धरल्यासारखा एक हात वर न्या. सगळा कोट हाताबरोबर उचलला जात असेल तर मुंढा, म्हणजे बाही जोडायचं भोक, फार खाली कापलेला आहे. हा दोष बहुतेकांच्या लक्षात येत नाही. दुकानदार म्हणतो, घालून घालून सैल होईल. होत नाही.

बाही हात सरळ सोडून बघायची. तिने सूटची बाही आणि शर्टाचा कफ दोन्ही झाकून अंगठ्याच्या बुडाशी थांबलं पाहिजे. आत हात घालताना सूटची बाही वर ओढली गेली तर अस्तर खरखरीत आहे. गुळगुळीत अस्तराचा कोट शोधा.

बाहीची लांबी, कंबरेचा घेर आणि थोडीफार खालची उंची कुठलाही बरा शिंपी दुरुस्त करेल. खांदा, मुंढा आणि कॉलर दुरुस्त करून देतो म्हणणाऱ्याकडे कोट देऊ नका. तेवढ्यासाठी कोट जवळजवळ सगळा उसवावा लागतो, आणि एवढं जाड कापड आपल्याकडे रोज हाताखालून जात नाही.

पाठीमागच्या चिरेवर फुलीसारखा कच्चा टाका असतो, खिशाची तोंडंही शिवलेली असतात. ते टाके घरी कापून टाका. बाहीवर बाहेरून लावलेली कंपनीची कापडी पट्टीसुद्धा. ती पट्टी मिरवत लग्नाला गेलेले लोक मी फोटोंत पाहिलेत.

हॅटकडे येऊ. पोर्तुगीज राजवटीतले घरचे जुने फोटो काढलेत तर कुणा ना कुणा पणजोबांच्या डोक्यावर फेल्टचं (दाबून घट्ट केलेल्या लोकरीचं) चेपें, म्हणजे हॅट, दिसेलच, त्यामुळे हे आपल्याला अगदीच परकं नाही. पण हॅट सक्तीची नाही. संकोच वाटत असेल तर घालू नका. अर्ध्या मनाने घातलेली हॅट लगेच कळते.

घालायची असेल तर दोनच पर्याय. कडा वर वळलेली, मधोमध खोल घडी असलेली होम्बर्ग सर्वांत औपचारिक. जर्मनीतल्या बाड होम्बर्गहून ती इंग्लंडच्या सातव्या एडवर्डमुळे सगळीकडे पोचली. ती गडद ओव्हरकोटावरच घालायची. रोजच्या कामासाठी सहा-साडेसहा सेंटीमीटर कडेचा, माथ्याला पुढून चिमटी असलेला फेडोरा. आखूड कडेची ट्रिल्बी रुंद खांद्यांच्या कोटावर बाटलीच्या बुचासारखी दिसते. गोल, कडक माथ्याची बोलर आता नाटकातच बरी. पनामा हॅट वाळवलेल्या पातींची, इक्वेडोरमध्ये विणलेली. ती इथल्या उन्हात लिननच्या सूटवर घाला, लोकरीवर नको.

डोक्याचा घेर कानांच्या जरा वर आणि कपाळाच्या मध्यावरून सेंटीमीटरमध्ये मोजा. दोन मापांच्या मध्ये असाल तर मोठं घ्या आणि आतल्या चामड्याच्या पट्टीखाली फोमची पट्टी सरकवा. कपाळावर वळ उठवणारी हॅट कोणी दुसऱ्यांदा घालत नाही. रंग कोटाशी तंतोतंत जुळवू नका, संच विकत घेतल्यासारखा दिसतो. चारकोल कोटावर मधला करडा, नेव्हीवर करडा किंवा दिवसा गडद तपकिरी. रिबिनीची गाठ डाव्या बाजूला येते. उचलताना वरच्या चिमटीला धरू नका, तिथेच फेल्ट चिरतं; कडेला धरा. इमारतीत, चर्चमध्ये, जेवणाच्या टेबलावर हॅट डोक्यावर राहत नाही. ओव्हरकोटही आत गेल्यावर काढायचा असतो.

मफलर कोटाच्या आत, हातमोजे चामड्याचे.

परत आल्यावर खरा शत्रू आपला पाऊस. जूनपासून कपाटात दमट हवा कोंडते आणि लोकरीवर बुरशी धरते. कोट ब्रश करून, पूर्ण वाळवून, रुंद लाकडी हँगरवर, सुती कापडाच्या पिशवीत टांगा. ड्रायक्लीनरची प्लॅस्टिकची पिशवी त्याच दिवशी फेकून द्या, ती ओल आत धरून ठेवते. डांबरगोळ्या खिशात न टाकता पुरचुंडीत बांधून हँगरला अडकवा, नाहीतर वास वर्षभर जात नाही. हॅट डब्यात उलटी, माथा खाली करून ठेवा, म्हणजे कड वाकत नाही. पावसाच्या मधल्या उघडिपीत कपाट उघडून दोन्ही वस्तू वाऱ्यावर ठेवा, आणि ऑक्टोबरात एकदा सावलीत दिवसभर.

जाताना ओव्हरकोट बॅगेत कोंबू नका, विमानतळ दाबोळी असो की मोपा, तो हातावर घेऊनच विमानात चढा.