वायंगणी (पावसाळ्यानंतरची) भाजी लावण्याआधी मातीतली कीड आवरा

भाताची कापणी उरकली की खेर (मध्यम उंचीच्या) जमिनीत वाल, आळसांडे (चवळी), वांगी, मिरची, भेंडी, मुळा यांचे वाफे पडतील. फवारणीचा विचार सगळेच करतात, पण मुळाशी बसलेली कीड पानावरच्या फवाऱ्याने जात नाही. तिचा बंदोबस्त लावणीच्या दोन-तीन आठवडे आधी करायचा. रोप एकदा बसले की हातात फारसे काही राहत नाही.

आधी मुळे पाहा. गेल्या हंगामातले वांग्याचे किंवा भेंडीचे झाड उभे असेल तर ते हलक्या हाताने उपटून मुळे धुवा. मण्यांच्या माळेसारख्या गाठी दिसल्या तर जमिनीत सूत्रकृमी, म्हणजे मुळांत शिरणारा, डोळ्यांना न दिसणारा बारीक किडा आहे. आळसांड्याच्या मुळावर मात्र फसू नका. तिथल्या नत्राच्या गाठी नखाने सहज सुटतात, चिरल्यावर आत गुलाबी दिसतात. सूत्रकृमीची गाठ म्हणजे मूळच सुजलेले असते, ती सुटत नाही. पावसाळाभर पाण्याखाली राहिलेल्या भातशेतात हा त्रास बराच कमी असतो. मोरड (उंचावरची) जमीन, घरामागचे परस आणि वर्षानुवर्षे वांगी-मिरचीच होणारे वाळूसर तुकडे जास्त जपायचे.

अशा जागी निंबोळी पेंड 100 चौरस मीटरला 5 ते 6 किलो घाला. कडुनिंब आपल्याकडे घाटावरच्यासारखा मुबलक नाही, पेंड विकतच आणावी लागते. म्हणून ती साऱ्या शेतात फेकून न देता लावणीच्या ओळीत मिसळावी आणि रोपांच्या वाफ्याला हात आखडू नये. तिथे चौरस मीटरला 200 ग्रॅमपर्यंत चालते. गाठी घेऊनच निघालेले रोप पुढे काही केल्या सुधारत नाही. खाडीकाठी करंज भरपूर आहे, त्याची पेंड मिळाली तर तीही चालते. पेंड घातल्यावर वाफा ओला ठेवा. कोरड्या मातीत ती कुजत नाही, आणि कुजल्याशिवाय गुण देत नाही.

कुंपणाच्या गिरिपुष्पाचा कोवळा पाला फुलोरा येण्याआधी कापून मातीत गाडावा. त्याच्यावर लगेच बी टाकू नका. पाला कुजताना माती तापते आणि कोवळ्या रोपांना इजा होते. निदान दोन आठवडे थांबा.

दसरा-दिवाळीसाठी ज्या तुकड्यात झेंडू होता, वांगी-मिरची तिथेच लावा. दाट लावलेला झेंडू दोन-तीन महिने उभा राहिला तर त्याच्या मुळांतून सुटणारी द्रव्ये सूत्रकृमीला मारतात. फुले काढून झाली की झाडे तोडून तिथेच गाडा. बांधावर चार झाडे लावून शोभा येते, एवढेच.

कोवळी रोपे रातोरात बुंध्याशी कापलेली दिसली तर ते कुरतडणाऱ्या अळीचे काम. संध्याकाळी ओल्या गवताचे लहान ढीग ओळीत ठेवा, पहाटे उचला. खाली काळसर अळ्या वेटोळे करून बसलेल्या सापडतील, त्या वेचून मारा. कच्चे शेण मात्र वाफ्यात नकोच, त्यात हुमणी (मुळे खाणारी अळी) पोसली जाते. अर्धवट कुजलेला पेंढा वाळवीला बोलावतो.

वनस्पतीचे म्हणून सगळेच निर्धोक नसते. तंबाखूचा काढा विषारी, वर मिरची-टोमॅटोला मोझॅकचा रोग त्यातून लागू शकतो. काजूच्या टरफलाच्या तेलाने कातडी भाजते, भाजीच्या वाफ्यात त्याचे काम नाही. एरंडीची पेंड घालायची तर खोल गाडा. कुत्री वासाने उकरून खातात आणि मरतात.

शंका असेल तर विभागीय कृषी कार्यालयात सूत्रकृमीच्या तपासणीची चौकशी करा. नमुना मुळांसकट, ओलसर मातीचा घ्या आणि प्लास्टिकच्या पिशवीत बांधून सावलीत ठेवा. खतांच्या तपासणीसाठी माती सुकवतात तशी ही सुकवू नका. सुकल्या मातीत सूत्रकृमी मरतात आणि अहवाल साफ येतो.