बग्गीचं मागचं ढुंगण सटकायचं, शेवटी सापडलं कारण

आमच्याकडं टिळकवाडीत मोकळ्या जागेवर लाल माती, पावसाळा संपला की वर भुरभुरीत धूळ, तिथं माझी रिमोटवर चालणारी १/१० (खऱ्या गाडीच्या दहाव्या हिश्शाएवढी) टू व्हील ड्राइव्ह, म्हणजे फक्त मागच्या दोन चाकांना जोर मिळणारी, बग्गी वळणातनं बाहेर पडताना थ्रॉटल दिला की गर्रकन फिरायची. आधी टायरला शिव्या घातल्या, मग मागं मऊ स्प्रिंग टाकल्या, थोडा फरक, पण डावीकडं वळताना तसंच की!

मग मागचे शॉक (धक्के झेलणारे दांडे) काढून चाकं धरणारे दोन्ही आर्म हातानं उचलून सोडले, डावा आपल्या वजनानं पडला, उजवा अर्ध्यात अडकला. आर्म ज्या काडीवर वरखाली फिरतो ती हिंज पिन वाकलेली, मागं एकदा गाडी दगडावर आदळली होती तेव्हाचीच असणार. म्हणजे मी दोन आठवडे सेटिंग बदलत बसलो आणि दोष एवढ्याशा लोखंडी काडीत!

पिन बदलली, मग मागचा टो-इन (चाकांची पुढची बाजू आत वळलेली असते तो कोन) २ चा ३ डिग्री केला, कॅम्बर (चाकाचा उभा कल) उणे १ डिग्रीवर, म्हणजे वरची बाजू जरा आत, दोन्हीकडं सारखा, आणि कॅम्बर लिंक म्हणजे हा कल ठरवणारी वरची काडी, तिच्या आतल्या बॉल स्टडखाली (गोल डोक्याच्या खिळीखाली) १ मिमी वॉशर वाढवला. त्यानं रोल सेंटर, म्हणजे वळताना गाडी ज्या बिंदूभोवती झुकते तो, खाली येतं, गाडी जरा जास्त झुकते पण माती धरते. टो-इन वाढवल्यानं सरळ रस्त्याला पळ किंचित कमी झाला, चालतंय. बदल एका वेळी एकच केला, नाहीतर कशानं काय झालं कळत नाही बघा. आता उड्या मारताना पुढचं नाक खाली जातंय, ते पुढच्या रविवारी बघतो.