दीर्घ कादंबरीसाठी वाइन निवडताना

दीर्घ कादंबरीसोबत वाइन निवडताना बहुतेक वाचक कथानकाचा देश किंवा काळ पाहतात. माझ्या मते पहिला विचार वेळेचा करावा. हजार पानांची कादंबरी रोज रात्री तासभर वाचली, तर तीन-चार आठवडे सहज जातात. उलट ७५० मिलिलिटरच्या बाटलीत १५० मिलिलिटरचे पाचच पेले असतात, आणि बूच काढल्यावर साधी वाइन फ्रीजमध्ये ठेवली तरी तीन ते पाच दिवसांत उतरते, कारण हवेतल्या ऑक्सिजनमुळे तिचा फळांसारखा गंध जातो आणि चव बोथट होते. म्हणून एका कादंबरीला एक बाटली हा हिशेब सोडून द्यावा आणि कादंबरीची आतली विभागणी पाहून वाइन ठरवावी.

शिवाजी सावंतांची 'मृत्युंजय' यासाठी फार सोयीची आहे. तिचे नऊ भाग सहा पात्रांच्या तोंडून येतात आणि त्यांतले चार एकट्या कर्णाचे आहेत. कर्णाच्या प्रत्येक भागासाठी शिराझ ही लाल वाइन ठेवावी. तिचा मिरीसारखा तिखट गंध आणि भरीव चव त्या निवेदनाला शोभते, आणि कथा पुन्हा त्याच्याकडे वळली की ओळखीची चवही परत येते. कुंती आणि वृषाली बोलतात तेव्हा नाशिककडची शेनिन ब्लां ही पांढरी वाइन उघडावी. उरलेल्यांसाठी वाचकाने स्वतःच्या जिभेचा कौल घ्यावा.

ज्या कादंबरीचा प्रवाह कुठे तोडवत नाही, तिच्यासाठी पोर्ट उत्तम. पोर्तुगालच्या डौरो खोऱ्यातल्या या वाइनमध्ये किण्वन, म्हणजे रस आंबण्याची क्रिया, चालू असतानाच द्राक्षांचे मद्यार्क घालून ते थांबवतात. त्यामुळे साखर शिल्लक राहते आणि अल्कोहोल साधारण २० टक्क्यांपर्यंत जाते. लाकडी पिंपात मुरलेली टॉनी पोर्ट उघडल्यावरही महिनाभर चांगली राहते. मात्र पेला ६० ते ७५ मिलिलिटरचाच भरावा. बेळगावहून चोर्ला घाट उतरला की गोवा, त्यामुळे तिथून बाटली आणण्याचा मोह होतो. पण सीमेपलीकडचे अबकारी नियम वेगळे असल्याने खरेदी आपल्याच गावच्या परवानाधारक दुकानातून करावी.

वाचताना आपण सहसा जेवत नाही, ही गोष्ट निवडीच्या वेळी हमखास विसरली जाते. काबर्ने सोव्हिनियोंसारख्या लाल वाइनमधले टॅनिन, म्हणजे द्राक्षाच्या साली-बियांतला तुरटपणा, मटणाच्या किंवा चीजच्या सोबतीने मऊ लागते, पण नुसते प्यायल्यास तोंड कोरडे पडते आणि दहा पानांतच पाण्याचा तांब्या शोधावा लागतो. रिकाम्या तोंडी वाचायचे असेल, तर कमी टॅनिनची, मध्यम आंबटपणाची वाइन बरी. सोबत काही गोड हवे असेल, तर वाइन त्या पदार्थापेक्षा कमी गोड नसावी. गोकाकचे करदंट टॉनी पोर्टबरोबर खाऊन पाहावे: गूळ, डिंक आणि सुका मेवा यांची खमंग चव त्या वाइनमधल्या अक्रोड-मनुकांच्या गंधात अगदी मिसळून जाते. बेळगावचा दुधाचा कुंदा त्याहून गोड असल्याने त्याला उशिरा तोडलेल्या द्राक्षांची गोड शेनिन ब्लां लागते; कोरडी, म्हणजे गोड नसलेली, पांढरी वाइन त्याच्यापुढे नुसती आंबट वाटते.

लाल वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी हा सल्ला थंड देशांतल्या घरांचा आहे. बेळगाव, खानापूर भागात पावसाळी किंवा हिवाळी रात्री तो बराचसा लागू पडतो, पण एप्रिल-मेमध्ये लाल वाइनही काही वेळ फ्रीजमध्ये ठेवून १६ ते १८ अंशांवर आणावी. पांढरी वाइन ८ ते १२ अंशांवर असावी. रात्रीची मर्यादा एका पेल्याचीच ठेवावी, कारण दीर्घ कादंबरीत पात्रांची नाती आणि मागचे दुवे लक्षात राहणे हाच निम्मा आनंद आहे आणि दुसऱ्या पेल्यानंतर नेमके तेच निसटते.

पुस्तक वाचनालयाचे असेल, तर पेला पुस्तकाशेजारी न ठेवता वेगळ्या स्टुलावर, गुडघ्याच्या उंचीवर ठेवावा. लाल वाइनचा डाग कागदावरून निघत नाही.