टेकडीवरचा काळा दगड कसा वाचावा (पुणे परिसर)

‘पुण्यात काय, सगळा काळा कातळ!’ असं म्हणून आपण मोकळे होतो. कातळ बेसॉल्टचाच, म्हणजे थिजलेल्या लाव्हाच्या काळ्या खडकाचाच आहे, हे खरं. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हा एकदा वाहून थांबला नाही, पुन्हा पुन्हा वाहिला. प्रत्येक वेळचा थर आधीच्या थरावर बसला. दोन थरांमधला सांधा ओळखता आला की टेकडी निम्मी वाचून झाली. त्यासाठी एक सकाळ पुरे.

सोबत काय घ्यावं. दहापट मोठं दाखवणारं भिंग, चाकू, लिंबू, पाण्याची बाटली आणि वही. हातोडी घरीच ठेवा. किल्ल्यांवर आणि लेण्यांत दगड फोडायचा नसतोच, आणि इतरत्रही त्याची गरज पडत नाही.

१. कापलेली जागा शोधा. गवताखालचा खडक काही सांगत नाही. वेताळ टेकडीवरच्या जुन्या दगडखाणी, घाटरस्त्याचा काप, ओढ्याचं पात्र किंवा जुनी विहीर, यातलं काहीही चालेल. कड्याच्या थेट खाली मात्र उभं राहू नका. पावसाळ्यात तर नाहीच.

२. दगड जागचा आहे का, ते आधी ठरवा. माझी पहिली फजिती इथेच झाली. टेकडीच्या पायथ्याला गुलाबी, दाणेदार दगड सापडला आणि मी दिवसभर शोध लागल्याच्या थाटात फिरलो. निघाला कुणाच्या तरी स्वयंपाकघरातल्या ओट्याचा तुकडा! ग्रॅनाईट हवा तर सिंधुदुर्ग, नांदेड किंवा पूर्व विदर्भ गाठावा लागतो. पुण्यात तो असलाच तर फार खोल आहे. कोयनेजवळ शास्त्रज्ञांनी ३ किलोमीटर खोल भोक पाडलं, तेव्हा सव्वा किलोमीटरच्या आसपास बेसॉल्ट ओलांडल्यावर ग्रॅनाईटच्या जातीचा खडक लागला. म्हणून सुटा दगड सोडा आणि भुईत रुतलेल्या कातळाकडे बघा.

३. ताजी बाजू बघा. बेसॉल्टची साल तपकिरी असते, कारण त्यातलं लोह गंजतं. आत तो काळा-करडा, इतक्या बारीक दाण्यांचा की भिंगाशिवाय दाणा दिसत नाही. कुठे कुठे गोल धोंड्यांचे कांद्यासारखे पापुद्रे सुटताना दिसतील. तो झिजून होणाऱ्या मुरुमाचा आरंभ.

४. भोकं आहेत का? यातच खरी गंमत आहे. भोकं नसलेला, ठणठणीत दगड म्हणजे पाषाण. खडी आणि बांधकाम त्याचंच. भोकं असलेला सहसा थराच्या माथ्याचा: लाव्हातला वायू वर चढला आणि वरचा थर थिजताना अडकला. पुढे पाण्याबरोबर आलेल्या क्षारांनी ही भोकं भरली की पांढरे ठिपके दिसतात. असा मऊसर, ठिपक्यांचा खडक म्हणजे मांजऱ्या.

ठिपका कशाचा, ते तिथेच कळतं. चाकूने थोडी भुकटी काढा आणि वर लिंबू पिळा. बुडबुडे आले तर कॅल्साइट, म्हणजे चुन्याच्या जातीचं खनिज. चाकूचा ओरखडाच उठला नाही तर गारगोटीच्या कुळातला. ओरखडा उठतो पण बुडबुडे येत नाहीत, आणि आत मोत्यासारखी चकाकणारी पानं किंवा सुयांचा झुबका दिसतो, तर बहुधा झिओलाइट, म्हणजे अशा पोकळ्यांत वाढणाऱ्या खनिजांचं एक कूळ. पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणींत तर याच पोकळ्यांत कॅव्हन्साइट नावाचं गडद निळं खनिज सापडलं. जगभरचे संग्राहक त्यासाठी जीव टाकतात. आपण तिथे राहून खडी मोजतो!

५. लाल पट्टा शोधा. घाटरस्त्याच्या कापांत दोन काळ्या थरांमध्ये विटकरी रंगाची आडवी रेघ दिसते. ती पुष्कळदा खालच्या थराच्या झिजलेल्या माथ्याची असते. म्हणजे दोन लाव्ह्यांमध्ये खडक झिजायला सवड मिळाली. पट्ट्याच्या खाली भोकाभोकांचा माथा आणि वर पाषाण असेल तर सांधा पक्का. काही ठिकाणी लाल पट्टा नसतोच. तिथे भोकांच्या पट्ट्यावरच भागवावं लागतं.

६. ओल कुठे आहे ते बघा. पावसाळा संपला की पुन्हा तिथेच जा. ठणठणीत पाषाणात पाणी राहतं ते फक्त भेगांत. मुरूम आणि सांध्यालगतचा खडक त्यापेक्षा बरंच धरून ठेवतो. त्यामुळे झरे आणि हिरव्या गवताची रेघ बऱ्याचदा सांध्याच्या उंचीवर सापडते. गावात जुनी विहीर खोदलेलं कुणी भेटलं तर विचारा, ‘किती हातांवर पाषाण लागला आणि पाणी कुठून आलं?’ आपल्या वहीत नसलेले दोन थर त्या उत्तरात निघतात.

७. चित्र काढा. फोटो काढताना शेजारी नाणं ठेवा, नाहीतर आकार कळत नाही. मग वहीत तळापासून माथ्यापर्यंत एक उभी पट्टी आखा: पाषाण, भोकं, लाल रेघ, पुन्हा पाषाण. घरी येऊन भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या भूकोश संकेतस्थळावरचा नकाशा उघडा. त्यावर तुमची अख्खी टेकडी एकाच रंगात रंगवलेली दिसली तर गोंधळू नका. नकाशाचं प्रमाण मोठ्या प्रदेशाचं असतं, वहीतली पट्टी एका कड्याची.