उतरते छप्पर मॉडेल करताना आधी वळचण जुळवा

रेव्हिटमध्ये, म्हणजे इमारतीचे त्रिमितीय मॉडेल करण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये, चौपाखी छप्पर पाच मिनिटांत होते असे सांगणारे लेख चारही बाजूंना एकच उतार धरून चालतात. उतार एकच असेल तर ते खरे आहे. लगतच्या दोन पाख्यांचे उतार वेगळे असले, की तो सल्ला कोपऱ्यात अडकतो.

भिंती आणि लेव्हल (मजल्यांच्या उंचीच्या पातळ्या) तयार आहेत असे धरतो. छपराच्या लेव्हलच्या प्लॅनमध्ये 'रूफ बाय फूटप्रिंट' (बाह्यरेषेवरून छप्पर करण्याची आज्ञा) घ्या, ओव्हरहँग, म्हणजे छप्पर भिंतीबाहेर जेवढे जाते ते अंतर, भरा आणि 'पिक वॉल्स'ने बाहेरच्या भिंती निवडा. रेषा हाताने काढू नका. ओव्हरहँग पुढे बदलायचाच असतो आणि हाताने काढलेल्या रेषेला तो माहीतच नसतो. दुपाखी हवे असेल तर त्रिकोणी भिंतींच्या दोन बाजूंची 'डिफाइन्स स्लोप'ची (त्या बाजूला उतार द्यायची) खूण काढून टाका. उतार अंशांत भरायचा आहे की टक्क्यांत, तेही पाहा : ५० टक्के उतार म्हणजे सुमारे २६.६ अंश.

आता तो कोपरा. समजा एक पाखे ३० अंशांचे, शेजारचे ४५ अंशांचे, आणि दोन्हीकडे ओव्हरहँग ६०० मिमी. छप्पर भिंतीच्या रेषेपासून बाहेर जाताना खाली उतरते : ३० अंशांवर ३४६ मिमी, ४५ अंशांवर पूर्ण ६०० मिमी. म्हणजे एकाच घराच्या दोन वळचणी २५४ मिमी वरखाली. सॉफ्टवेअर एररही देत नाही. कोपऱ्याच्या अलीकडे वळचणीची सरळ रेषा अचानक खाली झुकते, एवढेच.

पहिल्यांदा हे झाले तेव्हा मी छप्पर तुकड्यांत तोडले आणि कडा ओढून ओढून जुळवल्या. दिसायला ठीक दिसले. पुढे ओव्हरहँग बदलावा लागला आणि सगळे तुकडे सुटले; दोन दिवसांचे काम पुन्हा केले. छप्पर तोडून कोपरा जुळवायचा सल्ला कुणीही दिला तरी ऐकू नका.

यासाठी स्केचमध्येच, म्हणजे बाह्यरेषा काढतानाच, 'अलाइन ईव्हज' (वळचणी जुळवा) ही आज्ञा आहे. जिची उंची कायम ठेवायची ती कड आधी निवडा, मग दुसरी. पर्याय दोन मिळतात. ३० अंशांची कड आधी निवडून 'अ‍ॅडजस्ट ओव्हरहँग' घेतले तर ४५ अंशांच्या बाजूचा ओव्हरहँग ३४६ मिमी होतो, वळचणी एका पातळीत येतात, भिंतींचे माथे सारखे राहतात आणि दोन पाख्यांमधली तिरपी धार, म्हणजे हिप, बरोबर भिंतीच्या कोपऱ्यावरून जाते. मी जवळजवळ नेहमी हेच घेतो. मात्र हा पर्याय 'पिक वॉल्स'च्या रेषांनाच लागू पडतो; रेषा हाताने काढू नका म्हणालो ते यासाठीही.

'अ‍ॅडजस्ट हाइट' तेव्हाच घ्या, जेव्हा ओव्हरहँग चारी बाजूंना सारखाच हवा असतो. मग तीव्र उताराच्या बाजूचे छप्पर भिंतीपाशी २५४ मिमी वर जाते, त्या भिंतीचा माथाही तेवढा वर न्यावा लागतो आणि हिप भिंतीच्या कोपऱ्यावरून सरकते. स्ट्रक्चर करणाऱ्याला हे आधी कळवा. कोपऱ्यातला आधार बदलतो.

स्केच पूर्ण करा. भिंती निवडून 'अटॅच टॉप'ने छपराला जोडा. मग दोन्ही पाख्यांमधून एकेक सेक्शन (उभा छेद) काढा आणि वळचणीची उंची दोन्हीकडे मोजा. आकडा एकच आला, तरच जाडी आणि पन्हळीकडे वळा.